जुना डॅनिश काचेचा टांगता दिवा: वायरिंग बदलू का?

मधुरा_इंदिरानगर
गंगापूर रोडवरचा एक जुना बंगला पाडताहेत. तिथल्या काकूंनी सामान विकायला काढलं, त्यात हा दिवा साडेचार हजारांत मिळाला. काच बाहेरून मधाळ, आतून दुधी. वर पितळी टोपी, आत ‘मेड इन डेन्मार्क’चं अर्धं फाटलेलं लेबल. शेजारचे एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात की हा ‘पीएच’ आहे, लाखात जाईल. मला विकायचा नाही, जेवणाच्या टेबलावर लावायचाय. पण वायर वाकवली की तिचं कव्हर तुकड्या-तुकड्यांनी गळतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, होल्डर आपल्याकडचा नाही, सगळं काढून टाकू. काढू द्यावं का?

सातपूरकर
काढू द्या. फक्त काच त्याच्या हातात देऊ नका 😄

काचवेडा
पीएच म्हणजे पौल हेनिंगसेन. त्यांचा 1926 चा दिवा तीन शेडचा, बल्ब थेट डोळ्यांत येऊ नये म्हणून रचलेला. तुमच्या दिव्याला घंटेसारखी एकच शेड आहे, तेव्हा शेजाऱ्यांना चहा पाजा आणि विषय बदला. होल्मेगार्ड या 1825 पासूनच्या डॅनिश कारखान्यानेही असे दुधी थराचे दिवे केले, पण नाव नसताना मी पैज लावणार नाही. खालची कड भिंगाने बघा. रंग नुसता फासलेला असेल तर कडेला टवके दिसतात.

वायरमन_नाना
ताई, वायर बदलाच, त्यात वाद नाही. होल्डर चिनी मातीचा असून तडा नसेल तर राहू द्या. आपला पिनवाला बी22, हा आट्यांचा ई27. त्याचे एलईडी मेन रोडला सहज मिळतात. तिकडेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच, ट्रान्सफॉर्मर कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका.

आता नीट वाचा. पिन होल्डरला फेज कुठल्याही बाजूला दिली तरी चालते, म्हणून आमची पोरं बघत नाहीत. आट्यांच्या होल्डरला फेज मधल्या जिभेलाच द्यायची, न्यूट्रल आट्यांना. उलटं झालं तर बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागेल आणि जोराचा झटका बसेल. जुन्या दिव्यांत बहुतेकदा दोनच तारा असतात. तुम्ही थ्री-कोअर टाका, तिसरी पितळी टोपीला अर्थिंग म्हणून.

मधुरा_इंदिरानगर
कड पाहिली! दुधी आणि मधाळ असे दोन थर स्वच्छ दिसतात, टवका एकही नाही. नाना, हॉलला पीओपी आहे, त्यालाच टांगू?

वायरमन_नाना
अजिबात नको. स्लॅबमधला पंख्याचा हूक शोधा, नसेल तर अँकर फास्टनर मारून घ्या. वजन साखळीने किंवा स्टीलच्या तारेने पेलायचं, वायरने नाही. आणि वायर आधी लांबच ठेवा. दिवा टेबलापासून दोन-सव्वादोन फुटांवर धरायला सांगा, घरातली सगळी खुर्चीत बसवा, बल्ब कुणाच्या डोळ्यात येत नाही हे बघा, मग कापा.