मदत हवी आहे: नाताळच्या कुकीज ओव्हनमध्ये पसरतात, वर आयसिंगचे रंगही एकमेकांत उतरतात

दोनदा करून पाहिल्या, दोन्ही वेळा तीच गत. कापताना झकास चांदणी असते, भाजून निघेपर्यंत तिचा ढग होतो!

माझं प्रमाण असं: २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम पिठीसाखर, ४०० ग्रॅम मैदा, १ अंडं, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि १ चमचा बेकिंग पावडर. लोणी-साखर चांगली १० मिनिटं फेटते, पांढरी हलकी होईपर्यंत. आता वाटतंय की घोळ इथेच असावा, कारण फेटताना जास्त हवा भरली की कुकी आधी फुगते नि मग पसरते म्हणतात. पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटते, पण कापेपर्यंत ते पुन्हा मऊ पडतं. कापलेले आकार ट्रेसकट परत गार करून मग १८० अंशांवर भाजले तर कडा टिकतील का? आणि बेकिंग पावडर अजिबात वगळली तर कुकी दगड तर होणार नाही ना?

दुसरं दुखणं आयसिंगचं. पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं करते. पांढऱ्या थरावर लाल नक्षी काढली की सकाळी सगळं गुलाबी. खालचा थर तासभरच वाळवते, तो रात्रभर ठेवायला हवा का? की माझा पातळ रंगच नडतोय, जेल रंग घेऊ? शिवाय मुलांना खायला द्यायच्या आहेत, तेव्हा कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) कुणी वापरली असेल तर प्रमाण नक्की सांगा.