शाळेच्या नियंत्रणाखालील लॅपटॉपवर ऑटो क्लिकर वापरावे का?

प्रश्न (पालक):
माझ्या मुलीला शाळेने अभ्यासासाठी क्रोमबुक दिले आहे. मनगटाच्या दुखण्यामुळे तिला सतत क्लिक करणे जड जाते, आणि गणिताच्या सरावाचे संकेतस्थळ तर प्रत्येक पायरीला क्लिक मागते. तिने ऑटो क्लिकरचे, म्हणजे आपोआप क्लिक करत राहणारे, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकून पाहिले, तेव्हा प्रशासकाने ते ब्लॉक केले असल्याचा संदेश आला. वर्गातील मुले ‘लॅपटॉप रीसेट कर, मग सगळे चालते’ असे सांगत आहेत. हा मार्ग योग्य आहे का?

उत्तर (शाळेचे संगणक सांभाळणारा):
कृपया रीसेट करू नका. शाळेचे निर्बंध केवळ तिच्या खात्यावर नसून यंत्राच्या नोंदणीवरही असतात, त्यामुळे रीसेटनंतर इंटरनेटला जोडताच लॅपटॉप बहुधा पुन्हा शाळेच्याच व्यवस्थेत दाखल होतो आणि मध्ये फक्त त्यात साठवलेल्या फाइल्स जातात. एक्स्टेन्शन अडवण्यामागेही ठोस कारण आहे. पानावर क्लिक करायचे तर त्याला पानाच्या आत शिरावे लागते, म्हणून अशी बहुतेक एक्स्टेन्शन्स सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात, आणि त्याच ब्राउझरमध्ये मुलीचा मेल आणि गुणपत्रकही उघडते.

तुमच्या मुलीची गरज मात्र खरी आहे आणि तिची सोय क्रोमबुकमध्येच आहे. सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात कर्सर आणि टचपॅडखाली, कर्सर थांबल्यावर आपोआप क्लिक होण्याचा पर्याय सापडेल. थांबण्याचा अवधी 0.6 सेकंदापासून 4 सेकंदांपर्यंत निवडता येतो. सुरुवातीला तो मोठाच ठेवा, नाहीतर नजर फिरवतानाच नको ती बटणे दाबली जातात. राइट क्लिक, डबल क्लिक आणि ओढणे यांसाठी पडद्यावर छोटा मेनू येतो.

उत्तर (शिक्षिका):
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. कर्सर थांबल्यावर होणारे क्लिक मुलीच्याच निर्णयाने होते, तर ऑटो क्लिकर ठरावीक अंतराने एकाच जागी क्लिक करत राहतो, मग समोर कोणी बसलेले असो वा नसो. सरावाच्या संकेतस्थळावर त्यातून न वाचलेल्या पायऱ्याही पूर्ण झाल्याची नोंद होते, आणि ते मूल कुठे अडले आहे हे आम्हा शिक्षकांना कळतच नाही. पुढचा धडा त्या नोंदीवर ठरतो, त्यामुळे नुकसान त्या मुलाचेच होते.

माऊस टाळायचा असेल तर टॅब कळीने पुढच्या बटणावर जाऊन एंटर दाबणेही पुष्कळ ठिकाणी चालते. दुखण्याची कल्पना गणिताच्या शिक्षकांना लेखी द्या, म्हणजे काही गृहपाठ कागदावर घेता येईल.

प्रश्नकर्ते पालक:
आपोआप क्लिकचा पर्याय सापडला, मात्र त्याचे बटण राखाडी दिसते आणि चालू होत नाही.

उत्तर (शाळेचे संगणक सांभाळणारा):
याचा अर्थ तो पर्याय शाळेच्या धोरणातून बंद ठेवला आहे आणि तो तेथूनच उघडता येईल. शाळेच्या संगणक विभागाला मुलीचे शाळेचे खाते, हव्या असलेल्या सुविधेचे नेमके नाव आणि वैद्यकीय कारण कळवा. विनंती एका विशिष्ट सुविधेपुरती असली की निर्णय घेणे सोपे जाते, आणि संपूर्ण शाळेचे धोरण न बदलता तिच्या खात्यासाठी वेगळा गट करून ही सोय देता येते.