मदत हवी आहे: लहान मुलांचा डोस वयावरून की वजनावरून?

नमस्कार मंडळी. नागपुरात डी. फार्म करतो, संध्याकाळी सक्करदऱ्याच्या एका मेडिकलवर असतो.

वयावरून डोस काढायच्या यंगच्या सूत्रात मुलाचं वय भागिले वय अधिक १२, गुणिले मोठ्यांचा डोस. म्हणजे ४ वर्षांच्या पोराला पाव. पॅरासिटामॉल ५०० धरली तर १२५ मिलिग्रॅम. डिलिंगने, म्हणजे वय भागिले २०, १०० च येतात. आता तेच पोरगं १५ किलोचं असेल तर किलोमागे १० ते १५ प्रमाणे १५० ते २२५. बरं, मोठ्यांचा डोस १००० सुद्धा असतो. तो धरला की यंग थेट २५० वर! मग सूत्रावर भरवसा ठेवायचा कसा?

परीक्षेत वय आणि वजन दोन्ही दिलं तर उत्तर कोणत्या सूत्राने सोडवायचं? क्लार्कमध्ये, म्हणजे वजनावरच्या सूत्रात, वजन पौंडात घेऊन १५० ने भागतात. किलोत ७० ने भागलं तर गुण कापतात का?

दुसरं जरा काउंटरचं. "आमचीच गोळी अर्धी करून देऊ का बाळाला?" असं रोज कोणीतरी विचारतं. मी डॉक्टरांकडे पाठवतो, वजन करून घ्या म्हणतो, तर लोक चिडतात. अनुभवी फार्मासिस्ट दादा-ताई, गर्दीच्या वेळी तुम्ही हे कसं समजावता?