‘द व्हाइट टायगर’मधले हसू कोणाचे आणि कोणावर?

कृष्णाकाठ :

अरविंद अडिगा यांच्या ‘द व्हाइट टायगर’ या पहिल्याच कादंबरीला २००८ साली बुकर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. भारतातल्या गरिबीचे परदेशी वाचकांसाठी मांडलेले प्रदर्शन, असे एक मत आहे. स्वातंत्र्योत्तर भारताविषयी इंग्रजीत लिहिली गेलेली सर्वांत धीट कादंबरी, असे दुसरे. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्हीकडे ती सामाजिक अहवाल असल्यासारखी वाचली जाते. ती मुळात एक उपरोधिक, विनोदी गुन्हेकथा आहे, आणि तिचे मोजमाप तिच्या विनोदावरूनच व्हायला हवे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. गया जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढ गावात रिक्षा ओढणाऱ्याच्या घरी जन्मलेला बलराम हलवाई धनबादला एका जमीनदार कुटुंबाकडे ड्रायव्हर म्हणून लागतो आणि मालकाचा अमेरिकेहून परतलेला मुलगा अशोक व सून पिंकी यांच्याबरोबर दिल्लीला येतो. पुढे अशोकचा खून करून, लाच देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या पैशांची लाल बॅग घेऊन तो बंगळूरुला पळतो आणि कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणारा टॅक्सीचा धंदा उभारतो. ही हकीकत तो चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना रात्री बसून लिहिलेल्या पत्रातून सांगतो. खुनी कोण, हे जे गुन्हेकथेत शेवटपर्यंत राखून ठेवायचे असते, ते अडिगा पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी सांगून मोकळे होतात. मग उत्कंठा उरते ती एवढीच की, वाचक या खुन्याच्या बाजूला केव्हा आणि कसा जाऊन उभा राहतो. माझे म्हणणे असे आहे की तो हसत हसत जातो, आणि तिथे पोहोचल्यावर त्याच्या लक्षात येते की आपण कशाला संमती देऊन बसलो आहोत.

यासाठी दोन जागा दाखवतो. दिल्लीत मालकांची वाट पाहत बसलेले ड्रायव्हर ‘मर्डर वीकली’ नावाचे एक स्वस्त साप्ताहिक वाचत असतात. बलराम सांगतो की, नोकरांच्या हातात खुनाच्या गोष्टी दिसल्या म्हणून मालकांनी घाबरण्याचे काही कारण नाही. त्या गोष्टींतला खुनी इतका विकृत रंगवलेला असतो की कोणाही वाचकाला तसे व्हावेसे वाटत नाही, आणि शेवटी तो पकडला तरी जातो किंवा वेडा होऊन जीव तरी देतो. अडिगांनी नेमकी याच्या उलट गोष्ट लिहिली आहे. त्यांचा खुनी व्यवहारी आहे, गोड बोलणारा आहे आणि पकडला जात नाही. आपण हातात धरलेले पुस्तक कोणत्या जातीचे आहे, हे त्या साप्ताहिकाच्या निमित्ताने लेखकाने वाचकाला सांगून टाकले आहे.

दुसरी जागा एका रुपयाची. राजधानीत भलीमोठी लाच पोहोचवून आल्यावर अशोकच्या मोठ्या भावाचा, मुकेशचा, एक रुपया गाडीत पडतो. तो बलरामला गुडघ्यांवर बसवून गाडीचा तळ धुंडाळायला लावतो. नाणे काही सापडत नाही. शेवटी बलराम स्वतःच्या खिशातला रुपया काढतो, तो सापडल्यासारखे दाखवतो आणि मालकाच्या हातावर ठेवतो. मी तिथे हसलो, आणि हसता हसता बलरामच्या मनात साचत चाललेल्या हिशेबात मीही सामील झालो. दोनशे पाने भाषण करूनही जे साधले नसते, ते या एका रुपयाने साधले आहे.

अक्षरवेध :

रुपयाचा प्रसंग उत्तम आहे, हे मान्य. परंतु आपण ज्या हसण्याचे श्रेय बलरामला देत आहात, ते बलरामचे आहे का, हाच माझा मूळ आक्षेप आहे.

मला इंग्रजी येत नाही, तुम्हालाही येत नाही, पण काही गोष्टी इंग्रजीतच सांगता येतात, अशा अर्थाच्या वाक्याने बलरामचे पत्र सुरू होते. चतुर सुरुवात आहे. पण तिच्या आडोशाने लेखकाने स्वतःची फार मोठी अडचण टाळली आहे. शाळेतून अर्ध्यावर काढून चहाच्या दुकानात कामाला लावलेला मुलगा ज्या सफाईने उद्योजकता, लोकशाही आणि चीन-भारत तुलना यांवर टोले लगावतो, ती सफाई ऑक्सफर्ड आणि कोलंबियात शिकलेल्या, ‘टाइम’ मासिकाचा वार्ताहर म्हणून देशभर फिरलेल्या माणसाची आहे. इतिहासकार संजय सुब्रह्मण्यम यांनी या कादंबरीवर लिहिताना बलरामचा आवाज खरा वाटत नाही असाच आक्षेप घेतला होता, आणि अमिताव कुमार यांनीही तिच्यातल्या बिहारविषयी शंका घेतली होती. कुमार स्वतः बिहारचे आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारता येणार नाही.

गावातल्या चार जमीनदारांना रेडा, करकोचा, रानडुक्कर आणि कावळा अशी नावे आहेत. नदी एकाची, चांगली शेतजमीन दुसऱ्याची, खडकाळ माळ तिसऱ्याचा, रस्ते आणि रिक्षा चौथ्याच्या. वाचायला गंमत वाटते. परंतु अशी गंमत करून झाल्यावर त्या गावात माणूस उरत नाही. जातीचे तर याहून वाईट झाले आहे. पूर्वी हजार जाती होत्या, आता मोठ्या पोटाची आणि लहान पोटाची अशा दोनच उरल्या, असे बलराम म्हणतो. ज्या प्रदेशात आडनावावरून माणसाला बसायला खुर्ची द्यायची की नाही हे ठरते, तिथल्या हलवाई जातीच्या मुलाने असे म्हणावे, हे मला लेखकाचे अज्ञान वाटते.

आपण मराठी वाचकांनी तर हे चटकन ओळखायला हवे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतल्या माणसाने लिहिलेले ते आत्मकथन वाचलेल्या माणसाला चोरी, पोलीस आणि भूक यांचे नाते ज्या भाषेत कळलेले असते, त्या भाषेसमोर बलरामचे पत्र बेतलेले वाटल्याशिवाय राहत नाही.

शेवटची बस :

मी मूळ लेखाशी सहमत आहे. बलरामचे वडील क्षयाने मरतात तो भाग आठवा. सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नाही. तो तिथे का नाही, त्याची नेमणूक कशी विकली जाते आणि हजेरीपट कसा भरला जातो, हे सगळे बाहेर ताटकळणाऱ्या माणसांकडूनच बलरामला कळते. निवडणुकीचेही तसेच आहे. चहाच्या दुकानातल्या पोरांची वये मतदानापुरती अठरा ठरवली जातात, मते आधीच विकलेली असतात, आणि आपले मत स्वतः जाऊन द्यायचेच असा हट्ट धरणारा रिक्षावाला मार खाऊन मरतो. यात विनोद आहे, पण तो रिक्षावाल्यावर केलेला नाही. अक्षरवेध यांना त्या गावात माणूस दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मला तो रिक्षावाला कादंबरीतल्या कोणाहीपेक्षा जास्त लक्षात राहिला, आणि त्याच्या वाट्याला जेमतेम दोन पाने आली आहेत.

कृष्णाकाठ :

अक्षरवेध, आवाजाचा आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

बलराम स्वतःला मौलिक विचारवंत म्हणवत नाही. आपल्या बऱ्याचशा उत्तम कल्पना मालकाकडून, त्याच्या भावाकडून किंवा गाडीत मागे बसलेल्या आणखी कोणाकडून उचललेल्या आहेत, हे तो स्वच्छ कबूल करतो. ड्रायव्हरच्या नोकरीचे स्वरूप नीट पाहिले तर यात अशक्य काही नाही. मागच्या सीटवर सौदे ठरतात, भांडणे होतात, नवरा-बायको इंग्रजीत रडतात, आणि पुढे बसलेल्या माणसाला कान नाहीत असे सगळे धरून चालतात. म्हणून त्या पत्रातली उधारीची, वर्तमानपत्री भाषा मला दोष वाटत नाही. ती त्याने मालकांकडूनच घेतली आहे आणि त्यांच्याच पैशांसारखी वापरली आहे.

आणि हसण्याची सुरुवात कोण करतो, तेही पाहावे. अशोक गाडी थांबवून बलरामला प्रश्न विचारतो: आकाशात ग्रह किती, देशाचे पहिले पंतप्रधान कोण, हिंदू आणि मुसलमान यांच्यात फरक काय. उत्तरे ऐकून तो पिंकीला सांगतो की हा माणूस अर्धाकच्चा आहे, आणि अशा अर्ध्याकच्च्या लोकांच्या हाती आपण लोकशाही सोपवली आहे. पुढे ‘पिझ्झा’चा उच्चार बलरामला नीट जमत नाही म्हणून नवरा-बायको हसतात. म्हणजे या पुस्तकात पहिले हसू मालकांचे आहे. बलराम ते ऐकतो, साठवतो आणि पत्रातून त्यांनाच परत करतो. पूर्ण भाजलेली माणसे बारा वर्षांची शाळा आणि तीन वर्षांचे कॉलेज करून नीटनेटकी नोकरी धरतात आणि जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम पाळतात, उद्योजक मात्र अर्ध्याकच्च्या मातीतून घडतात, असे तो पंतप्रधानांना लिहितो. आपल्यावर फेकलेला शब्द त्याने असा उचलून घेतला आहे.

‘उचल्या’विषयी आपल्याला असलेला आदर मलाही आहे. परंतु आत्मकथन स्वतःच्या आयुष्याला उत्तरदायी असते, आणि उपरोधिक कादंबरीतला निवेदक खोटे बोलू शकतो. पोटांच्या दोन जाती हे बलरामचे मत आहे. जमीनदाराने नोकरीवर ठेवण्याआधी त्याला पहिल्यांदा जातच विचारली होती, हेही त्याच कादंबरीत लिहिलेले आहे. निवेदकाचे मत आणि घडलेला प्रसंग यांत जी फट आहे, ती लेखकाने जाणून ठेवलेली आहे असे मला वाटते.

मोगरा :

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळी कादंबरी तिथे अडते.

नोकर मालकाला लुटत का नाहीत, याचे बलरामने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. जुन्या दिल्लीच्या बाजारात खुराड्यात कोंबलेल्या कोंबड्यांना शेजारची कोंबडी कापली जाताना दिसते, रक्ताचा वास येतो, तरी त्या बंड करत नाहीत. माणसाच्या बाबतीत त्या खुराड्याची कडी म्हणजे त्याचे कुटुंब असते. नोकर पळाला तर गावाकडच्या त्याच्या माणसांना मालक जिवंत ठेवत नाही. बलरामला हे पक्के ठाऊक आहे आणि ठाऊक असूनच तो बाटलीची काच अशोकच्या गळ्यात खुपसतो. पुढे गावाकडे आपल्या माणसांचे काय झाले असेल, हे तो अंदाजानेच बोलतो. पुतण्या धरम त्या वेळी दिल्लीत असतो, म्हणून वाचतो.

आता त्या कुटुंबाचे चित्र कसे रेखाटले आहे ते पाहा. आजी कुसुम लोभी, मुलांच्या कमाईवर डोळा ठेवून बसलेली, पत्रांतून धमक्या देणारी. घरातल्या इतर बायकांना तर धड नावेही नाहीत. कमाई घेऊन आलेल्या पुरुषांवर त्या तुटून पडतात, तेवढेच त्यांचे काम. आपण आजीवर पुरेसे हसून घेतलेले असते, म्हणून तिच्या मरणाने आपल्याला काहीच होत नाही. कृष्णाकाठ म्हणतात की विनोद आपल्याला खुन्याच्या बाजूला नेतो आणि मग जागे करतो. अशोकच्या खुनाबाबत ते खरे आहे, कारण अशोक हे पूर्ण माणूस म्हणून लिहिलेले पात्र आहे. कुसुमच्या बाबतीत जाग येण्याची सोयच लेखकाने ठेवलेली नाही. गावात घर सांभाळणाऱ्या, म्हशीला चारा घालणाऱ्या बायकांचा जीव हा बलरामच्या सुटकेचा हिशेबात न धरलेला खर्च ठरतो, आणि मला ते बलरामचे अंधत्व वाटत नाही, कादंबरीचे वाटते.

अक्षरवेध :

मोगरा यांनी मांडलेला मुद्दा माझ्या मुद्द्याहून भक्कम आहे. ‘खुनी पकडला जात नाही’ ही रचना धीट असली तरी तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांना दोन ओळींतही चेहरा मिळाला नाही. २०२१च्या चित्रपटात, जो रामीन बहरानी यांनी दिग्दर्शित केला आणि ज्यांना ही कादंबरी अर्पण केलेली आहे, कमलेश गिल यांनी केलेली आजी मला कागदावरच्या कुसुमपेक्षा अधिक माणूस वाटली, कारण तिथे निदान एका अभिनेत्रीचा चेहरा आहे.

कृष्णाकाठ :

कुसुमविषयी मोगरा यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. तिच्यावरचा विनोद एकाच सुराचा आहे, आणि बलरामच्या रागाचे कारण दाखवून तो पुरता झाकता येत नाही.

मात्र कादंबरी बलरामच्या सुटकेला टाळ्या वाजवते, असा निष्कर्ष कोणी काढणार असेल तर त्याने शेवटचे प्रकरण पुन्हा वाचावे. दिल्लीत पिंकीच्या हातून गाडीखाली एक मूल सापडते, आणि ती गाडी मी चालवत होतो अशा कबुलीजबाबावर बलरामची सही घेतली जाते. बंगळूरुत बलराम स्वतः मालक झाल्यावर त्याच्या ड्रायव्हरच्या हातून सायकलवरचा मुलगा मरतो. बलराम पोलिसांतली ओळख वापरून प्रकरण मिटवतो, मग मुलाच्या आईवडिलांकडे पैसे घेऊन जातो आणि दुसऱ्या मुलाला नोकरी देऊ करतो. आपण ड्रायव्हरांना कुटुंबातले म्हणवून फसवत नाही, त्यांच्याशी करार करतो, याचा त्याला अभिमान आहे. दिल्लीच्या मालकांहून तो नक्कीच बरा आहे. पण त्या घरातला मुलगा मेलेलाच आहे, पोलीस विकतच घेतलेले आहेत आणि धंदा चालूच आहे. तिथे मला हसू आले नाही, आणि ते येऊ नये अशीच त्या पानांची लिहिण्याची रीत आहे.

मोगरा :

ती पाने मी पुन्हा वाचली. त्या मुलाच्या आईवडिलांच्या दारात बलराम स्वतःहून जातो, याला मीही महत्त्व देते. लक्ष्मणगढच्या दाराशी मात्र ना तो जातो, ना त्याचे पत्र. माझा आक्षेप कायम आहे.