खाऱ्या हवेत टिकणारी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, लांबच्या शिकारीसाठी कुठली घ्यावी?

देवगडचो_झील

नमस्कार मंडळी. मी देवगडचा, सहा वर्षं झाली न्यूझीलंडला इन्व्हरकार्गिलला असतो, आत्ता गणपतीला घरी आलोय. तिकडचं फायरआर्म्स लायसन्स आहे आणि हरणांच्या शिकारीला जातो. पुढच्या मार्च-एप्रिलमधे तिकडे लाल हरणांचा माजाचा काळ असतो, त्याआधी नवी बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची रायफल घ्यायचीय.

आत्ताची माझी .३०८ आहे (हे कॅलिबर, म्हणजे काडतुसाचा आकार), सेकंडहँड, काळी ब्लूइंग (गंज रोखायचा काळा थर) केलेली, लाकडी स्टॉकची (दस्त्याची). मागच्या वेळी बोटीने फिओर्डलंडमधे, तिकडच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या जंगलात गेलो, पाच दिवस पाऊस आणि बोटीवर खाऱ्या पाण्याचे तुषार, घरी येऊन उघडली तर स्टॉकच्या आत जिथे बॅरल (नळी) बसते तिथे खालच्या बाजूला लाल गंजाचा थर, वरून बघितलं तर काहीच नाही. शिवाय लाकूड फुगून बॅरलला टेकलं होतं त्यामुळे नेम डावीकडे जात होता आणि मी दोन दिवस स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) शिव्या घालत बसलो.

इथे घरी आजोबांची बारा बोअरची छऱ्याची बंदूक होती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, तिची पावसाळ्यात काय अवस्था व्हायची ते लहानपणी बघितलंय, त्यामुळे आता जी घेईन ती गंजाचा विचार करूनच घ्यायची असं ठरवलंय. दुकानदार म्हणतो स्टेनलेस घे, काळजी मिटली. खरंच मिटते का? अंतर ३०० ते ४०० मीटर धरा. मॉडेल आणि कॅलिबर दोन्ही सुचवा.

मिरकरवाडा_वर्कशॉप

रायफलमधलं मला फार कळत नाही पण गंजातलं कळतं, पंचवीस वर्षं मच्छीमार बोटींची इंजिनं, शाफ्ट, पंखे हेच काम करतोय. स्टेनलेस घेतलं की काळजी मिटली असं म्हणणाऱ्या माणसाने एक पावसाळा जेटीवर काढावा.

स्टेनलेस हे एक लोखंड नाही, कुटुंब आहे. आपल्या घरातली भांडी ३०४ ची, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. बोटीवर आम्ही ३१६ वापरतो कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला सहज टोचत नाही. तुझा प्रश्न वाचून माझ्या पोराबरोबर बसून बघितलं, रायफलच्या स्टेनलेस बॅरल बहुतेक ४१६ जातीच्या असतात. त्यात क्रोमियम १२ ते १४ टक्केच, निकेल जवळजवळ नाहीच, आणि लेथवर नीट कापलं जावं म्हणून मुद्दाम गंधक घातलेलं असतं. हे गंधकच नडतं, खड्डे तिथूनच सुरू होतात. मग ३१६ ची बॅरल का करत नाहीत? कारण ते पाणी देऊन कडक होत नाही, आणि गोळीचा दाब सोसायला बॅरल कडक पाहिजे. म्हणजे स्टेनलेस रायफल उशिरा गंजते एवढंच. साध्या स्टीलला एका रात्रीत लाली येते तिथे हिला काही दिवस मिळतात. ते दिवस मोलाचे आहेत हे मान्य, पण त्यात तिला पुसलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे कोण बघत नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारं पाणी आलं की त्यातला जास्त क्रियाशील धातू खाल्ला जातो. म्हणून तर आम्ही बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे मारतो, ते झिजतात आणि पंखा वाचतो. तुझ्या स्कोपचा बेस अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचे, खाली रिसीव्हर (बोल्ट बसतो तो भाग) स्टीलचा. पांढरी भुकटी दिसली की समजायचं खायला लागलंय. स्क्रू बसवताना थोडं ग्रीस किंवा थ्रेडलॉक (स्क्रूचे आटे घट्ट धरणारा डिंक) लावून बसव, पाणी आत जायला जागाच ठेवू नकोस.

आणि गंज धरला तो बॅरलच्या खालच्या बाजूला म्हणालास ना, तेच कारण. उघड्यावरचं पाणी वाऱ्याने वाळतं, फटीतलं राहतं. बोटीचं पण तसंच असतं.

काजूबाग

शिकार? २०२५ मधे? हौसेसाठी हरणं मारायची आणि वर कुठली बंदूक चांगली विचारायचं, पटलं नाही.

देवगडचो_झील

@काजूबाग तुमचा राग समजू शकतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझंही मत आहे. पण न्यूझीलंडमधे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, हरणं सगळी माणसाने बाहेरून आणून सोडलेली, ती जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात म्हणून सरकारच ती कमी व्हायला बघतं. तिथल्या संवर्धन खात्याचा परमिट फुकट मिळतो. आणि मारलेलं मांस मी वाया घालवत नाही, वर्षभर फ्रीजरमधे तेच असतं.

काजूबाग

हे माहीत नव्हतं. मग ठीक. तरी ४०० मीटर लांबून मारणं मला बरोबर वाटत नाही, जखमी होऊन पळालं तर?

राजापूर_बागायत

गंजाबद्दल माझा अनुभव घ्या. आमच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांपासून आहे, माकडं आणि रानडुकरं सोडत नाहीत म्हणून, पण रानडुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे बंदूक बहुतेक आवाज करायलाच. म्हणजे वर्षातून चार-पाचदा बाहेर निघते आणि बाकी दिवस कपाटात. आणि कपाटातच जास्त गंजते, ही गोष्ट समजायला मला दहा वर्षं गेली.

आमचे आजोबा खोबरेल लावायचे. घरचं तेल, घाण्यावरचं, त्यांना त्याचा अभिमान होता. पण खोबरेल काही महिन्यांनी चिकट होतं, त्यावर धूळ बसते, आणि थंडीत गोठतं ते वेगळंच. बोल्टमधे हे झालं तर फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) हळू पडेल. खनिज तेलच लावायचं, बंदुकीचं मिळतं ते. आणि पातळ! लोक थापतात आणि मग ते उतरून लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं.

दुसरी चूक चामड्याची किंवा फोमची केस. घरात ठेवताना केसमधे ठेवायची नाही कधी, ओल धरून ठेवते. निवडणुकीच्या वेळी बंदुका जमा करायला लागतात तेव्हा एकदा आमची कापडी पिशवीत गुंडाळून दिली, परत आली तेव्हा नळीवर पिशवीचं विणकाम उमटलेलं होतं गंजाने. तेव्हापासून देताना मी नळीत तेलाचा बोळा फिरवून, बाहेरून ग्रीस लावून, गंजरोधक कागदात गुंडाळून देतो, तो मशीनचे पार्ट ज्याच्यात येतात तसा तेलकट कागद. कपाटात सिलिका जेलचा डबा ठेवतो, महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून वाळवतो. आणि हाताचा घाम! आपल्याकडे मे महिन्यात बंदूक हातात घेऊन नुसती ठेवली तर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे दिसतात लाल. कुणी बघायला घेतली की त्याच्यानंतर पुसायचीच, पाहुणा असला तरी.

गुहागर_ते_डनेडिन

झील, मी तुझ्यापासून तीन तासांवर राहतो, चौदा वर्षं तिकडे शिकार करतोय, त्यातली निम्मी पावसात. आत्ता मीपण गुहागरलाच आहे.

मॉडेल: टिक्का टी३एक्स लाइट स्टेनलेस. फिनलंडची, साको बनवते. वजन २.९ किलोच्या आसपास, स्टॉक प्लास्टिकचा म्हणजे फुगायचा प्रश्न नाही, मॅगझिनपण पॉलिमरचं त्यामुळे तिथेही गंज नाही, आणि बोल्ट असा सरकतो की थंडीत बोटं बधीर झाली तरी अडत नाही. बजेट कमी असेल तर जपानी होवा १५०० सिंथेटिक स्टॉकमधे बघ, जड आहे पण दणकट. पैसे सोडायची तयारी असेल तर विंचेस्टर मॉडेल ७० एक्स्ट्रीम वेदर, तिचा मोठा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढणारा आकडा) काडतूस मॅगझिनमधून निघाल्यापासून धरून ठेवतो, चिखलात मला तो जास्त भरवशाचा वाटतो. कार्बन गुंडाळलेल्या बॅरलच्या मागे लागू नकोस, आतली नळी तीच स्टेनलेसची असते, वजन वाचतं पण गंजाच्या बाबतीत फरक काही नाही.

मिरकरवाडावाल्यांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. मी त्यात एकच भर घालतो, माझ्या स्टेनलेस रायफलवर बाहेरून सेराकोट मारून घेतलंय. ते सिरॅमिकचं कोटिंग असतं, अगदी पातळ, पाणी धातूपर्यंत जाऊ देत नाही. पण ते नळीच्या आत, चेंबरमधे मारत नाहीत, तिथे आपणच काळजी घ्यायची. दुकानात रायफल हातात घेशील तेव्हा बॅरल बघू नकोस, बोल्ट बाहेर काढ, ट्रिगरची पिन बघ, मॅगझिनची स्प्रिंग बघ, स्टॉकचे दोन स्क्रू बघ. अंगावर स्टेनलेस लिहिलेलं असतं आणि आतल्या या बारीकसारीक गोष्टी साध्या स्टीलच्या निघतात. माझ्या पहिल्या रायफलची बॅरल चकाचक राहिली आणि ट्रिगर अडकला.

कॅलिबर: ६.५ क्रीडमूर. दणका कमी, गोळी लांबट त्यामुळे वाऱ्याला कमी सरकते, लाल हरणाला ३५०-४०० पर्यंत नीट पुरते. तुझ्या .३०८ ची काडतुसं शिल्लक असतील तर .३०८ पण वाईट नाही. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम ताकदवान आहे, पण एवढ्या हलक्या रायफलमधे खांद्याला जोरात बसते आणि माणूस चाप ओढताना डोळे मिटायला लागतो.

@काजूबाग तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि हा मुद्दा मी नवीन पोरांना आधी सांगतो. ५०० यार्डावर ताशी दहा मैल वेगाचा आडवा वारा असला तर ६.५ ची गोळीसुद्धा फुटापेक्षा जास्त बाजूला जाते, आणि हरणाचं काळीज-फुप्फुस म्हणजे ताटाएवढी जागा. डोंगराच्या घळीत वारा इथे एक, समोर एक, मधे तिसराच. म्हणून माझा नियम, कागदी निशाणावर, जमिनीवर पडून, रायफल बॅगेवर टेकवून, दमलेल्या अवस्थेत दहापैकी नऊ गोळ्या ताटात बसतील तेवढंच माझं अंतर. माझं ३२० मीटर आहे. त्याच्यापुढे हरीण दिसलं तर जवळ जायचं, नाही जमलं तर चहा करायचा.

रोजचं काम: नळीच्या तोंडावर विजेची टेप लाव, पाणी नळीत जात नाही, नळीत पाणी असताना गोळी झाडणं धोक्याचं असतं. बोटीवरून उतरलास की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने आधी मीठ काढ, मग कोरडं कर, मग तेल. मिठावर तेल लावलं तर मीठ आतच राहतं. घरी आलास की स्टॉक काढच, आणि परत बसवताना टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच पिळणारा पाना) स्क्रू आधीइतकेच पिळ, मग दोन-तीन गोळ्या कागदावर मारून नेम तपास. झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या बोळ्याने काढ, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे.

देवगडचो_झील

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. टिक्का स्टेनलेस, ६.५, सेराकोट वरून, असं नक्की करतोय. माझं अंतर काढून बघितलं नव्हतं कधी, जुन्या .३०८ वरच रेंजवर जाऊन आधी ते काढतो, ३०० च्या आतच येईल असं वाटतंय. काजूबाग, तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

काल आजोबांची बारा बोअर बाबांबरोबर उघडली. खोबरेलाचा पिवळा थर होता आत, रॉकेलने धुतला. लाकडाखाली गंज होता, पण खोल नाही.

मिरकरवाडा_वर्कशॉप

रॉकेल पुसून कोरडं कर आणि आजच तेल लाव, उद्यावर ठेवू नकोस, बाहेर पाऊस आहे.