पाणवठ्यावरची मोजणी आणि वाघांचा अधिकृत आकडा जुळत का नाही?

येन_धावडा: बुद्धपौर्णिमेला ताडोब्यात मचाणांवरून झालेल्या नोंदींची बेरीज आणि अहवालातला आकडा यांचा मेळ बसत नाही. मचाणाची नोंद गणनेत धरतात का? गणनेसाठी वाटेवर लावतात त्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांत तोच वाघ दोनदा मोजला जात नाही, हे कशावरून? आमच्या गटाला बफरमध्ये (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) वनविभागासोबत कॅमेरे लावायला जायचे आहे. काय सांभाळावे?

तेंदूपान: नाही धरत. मचाणाचा कार्यक्रम म्हणजे ‘निसर्ग अनुभव’, गणना नव्हे. एकच वाघीण रात्रीतून दोन पाणवठ्यांवर येते आणि दोन मचाणांवर दोन वाघ लिहिले जातात. उलट मे महिन्यात वळीव पडला की नाल्यांत पाणी साचते, जनावर पाणवठ्याकडे फिरकतच नाही आणि नोंद शून्य. त्या रात्रीची बेरीज वाघांपेक्षा पाणी कुठे उरले आहे तेच जास्त सांगते.

देशव्यापी अंदाज २००६ पासून दर चार वर्षांनी निघतो. त्याआधी ठशांवरून मोजत. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलेच नाहीत हे २००५ च्या सुमारास उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा भरवसा उडाला. ठसा ओल्या मातीत पसरतो, कोरड्या धुळीत विस्कटतो, काढणाऱ्याच्या हातानुसारही बदलतो. पट्टे मात्र प्रत्येक वाघाचे वेगळे आणि जन्मभर तेच.

गवताळ: कॅमेऱ्यांबद्दल. जंगलाचे दोन चौ.कि.मी.चे चौकोन पाडतात, प्रत्येकात एक जागा, जागेवर समोरासमोर दोन कॅमेरे. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर डावीकडून टिपलेला आणि उजवीकडून टिपलेला वाघ एकच की दोन, हे ठरत नाही.

उंची गुडघ्याएवढी, साधारण ४५ सें.मी. वाटेच्या मध्यापासून तीन-चार मीटर. दोन्ही अगदी नाकासमोर नकोत, थोडे सरकवा; नाहीतर एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. पूर्व-पश्चिम तोंड टाळा. समोरचे गवत आणि लोंबणारी फांदी काढा, वाऱ्याने हलले की कार्ड रिकाम्या फोटोंनी भरते. लावल्यावर एकाने वाटेवरून वाकून चालत जायचे. दोन्हींत कूस चौकटीच्या मध्यात येते का ते जागेवरच पाहायचे.

सर्वात महागात पडते ते घड्याळ. जोडीतल्या दोन कॅमेऱ्यांची वेळ जुळली नाही तर डावी-उजवी बाजू एकत्र बांधताना फजिती होते. बॅटरी बदलली की तारीख पुन्हा तपासा.

येन_धावडा: मग ऐन मे महिन्यात, पाणवठ्यावरच लावले तर सोपे नाही का?

गवताळ: तिथेच फसाल. सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. चंद्रपूरच्या ४५ अंशांत जमीनही तापलेली आणि वाघाचे अंगही तेवढेच गरम, त्यामुळे दुपारी जनावर समोरून जाते आणि कॅमेरा ढिम्म. हिवाळ्यात हा त्रास नाही. शिवाय पाणवठ्यापेक्षा वाघ ज्या गाडीवाटेने, नाल्याच्या काठाने रोज फिरतो ती बरी. आधी आठवडाभर ठसे, विष्ठा आणि झाडावरचे ओरखडे बघत हिंडा. बिटातला (जंगलाच्या त्या तुकड्याचा) वनरक्षक आणि वनमजूर यांना विचारल्याशिवाय जागा पक्की करू नका. निदान २५ दिवस ठेवा. पण फार लांबवूही नका, मधल्या काळात वाघ आले-गेले-मेले की गणित बिघडते.

तेंदूपान: आकड्याचेही समजून घ्या. २०२२ चा देशाचा आकडा ३,६८२ सांगतात, तो ३,१६७ ते ३,९२५ या पल्ल्यातला अंदाज आहे. फोटोत आलेले वाघ परत किती वेळा आणि कुठे कुठे टिपले गेले यावरून न टिपलेल्यांचा हिशेब बसवतात. महाराष्ट्र २०१८ मध्ये ३१२ होता, २०२२ मध्ये ४४४. यात वर्षाखालचे बछडे नाहीत. मचाणावर वाघिणीमागे तीन पिल्ले दिसली की लोक चार लिहितात. इथे एकच धरली जाते.

बिबा: साखळी-कुलूप विसरू नका, आणि कॅमेऱ्याच्या डब्यात मुंग्या शिरतात. कार्ड काढायला जाल तेव्हा ब्रश न्या.