प्रतिसाद: लाटत नाहीत, फुगवतात!

चादर ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत येते, तिचा कागद पोळीसारखा लाटतात, असं वर कुणीतरी लिहिलंय. नाही हो! सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असा कागद काढणाऱ्या मशीनवर मी काही वर्षं काढलीत.

पॉलिथिनचे दाणे तापलेल्या बॅरलमध्ये, म्हणजे आत स्क्रू फिरणाऱ्या लोखंडी नळकांड्यात, जातात. हीटरइतकेच ते स्क्रूच्या घासणीनेही वितळतात. एलडीपीईला, म्हणजे मऊ पिशव्यांच्या पॉलिथिनला, १६० ते १९० अंश सेल्सिअस पुरतात. पुढे डायच्या, म्हणजे साच्याच्या, गोल फटीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची नळी वर निघते, आत हवा भरली की तिचा फुगा होतो, डायच्या दोन-चार पट रुंद. वरचे रोलर तो दाबून चपटा करतात. जाडी ठरते ती रोलरच्या ओढीवर आणि फुग्याच्या रुंदीवर.

खरी कसरत एप्रिल-मेमध्ये. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. फुग्याभोवती गार हवा मारणाऱ्या कड्याची, एअर रिंगची, हवाच गरम, मग फुगा उशिरा गोठतो, डुलायला लागतो, जाडी कमी-जास्त. अशा वेळी मुकाट्याने स्पीड उतरवायचा, मालक काहीही म्हणोत.

चादरीची ती करकर वाजणारी चकचकीत पिशवी मात्र बहुधा पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकची. तिचा फुगा खालच्या दिशेने सोडून पाण्याने गार करतात. झटक्यात गोठल्याने प्लॅस्टिकमधले स्फटिक मोठे होत नाहीत, कागद पारदर्शक राहतो, म्हणून आतल्या चादरीची नक्षी स्वच्छ दिसते.